पाण्याआधीची बातमी

चिंचगुडीची गोष्ट आजा सांगायचा, आणि त्याला ती त्याच्या आज्याने सांगितलेली. प्राणहितेच्या काठाला तारवाल्या साहेबांचा तळ पडला होता. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांची माणसं रात्री त्या तळावर चालून गेली. दोन साहेब जागीच मेले, तिसरा अंधारात निसटला. आज्याच्या सांगण्यात ना साल होतं, ना साहेबांची नावं. ती मला पुष्कळ वर्षांनी चांदा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात सापडली: २९ एप्रिल १८५८, मारले गेलेले गार्टलंड आणि हॉल, निसटलेला पीटर. पीटर पुढे चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला जाऊन मिळाला. मग इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, सप्टेंबरात बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. एवढं आमच्या भागात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण आजा ज्या वाक्यावर गोष्ट संपवायचा, ते कुठल्या पुस्तकात नाही. "तारवाले मेले बाबू, पन तारेले पत्ता नाही. जो वाचला त्यानंच जाऊन सांगतलं."

तारेच्या कामावरची माणसं, आणि त्यांच्याच मरणाची बातमी न्यायला तार नाही. आज्याला यातलं काय जाणवलं होतं ते तेव्हा मी विचारलं नाही. पण म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकत ऐकत मोठा झालो तसं कळत गेलं की आमच्या नदीकाठच्या बहुतेक गोष्टींचा सांधा हाच आहे. संकटाची बातमी संकटातून वाचलेला माणूस आणतो, आणि तो येईतो ज्याला वाचवायचं तो गेलेला असतो.

आमची नदीही तशीच आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याच्या जंगलाजवळ एकमेकींना भेटतात आणि तिथून तिचं नाव प्राणहिता होतं. अहेरीला बगल देऊन ती दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत जाते, तिथे गोदावरीला मिळते, आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन पडते. म्हणजे भंडाऱ्यात पडलेला पाऊस, नागपूर-वर्ध्यात पडलेला पाऊस, यवतमाळच्या डोंगरांत पडलेला पाऊस, सगळा आमच्या दारावरून जातो. अहेरीत स्वच्छ ऊन पडलेलं असतं, बायका वाळवण घालतात, आणि तिकडे वांगेपल्लीच्या घाटावर पाणी पायरीपायरीने वर येत असतं. त्यातून खाली गोदावरी फुगलेली असली की ती प्राणहितेचं पाणी घेत नाही. ते मागे सरकतं, नाल्यांत उलटं शिरतं. अशा वेळी नदी उलटी आली असं आमच्याकडे म्हणतात. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कोणाला पटत नाही.

आजीच्या लहानपणी वरची बातमी पाणीच आणायचं. आधी काटक्या-पालापाचोळा, मग बांबूचे मोडके मांडव, मग एखादं छप्पर. छप्पर वाहत आलं की तिचा बाप ढोरं सोडायचा, कारण छप्पर आलं म्हणजे वर कुठलं तरी गाव गेलं. एकदा छपरावर बसलेली कोंबडी आली होती, हे आजी दरवेळी सांगायची आणि दरवेळी गप्प व्हायची. कोंबडी जिवंत होती. ज्यांची होती ती माणसं कुठे होती, हे विचारायला नदीपाशी कोणी नव्हतं.

मला वाटायचं, हे आमच्या जंगलातलंच दुखणं आहे. मुंबईसारख्या ठिकाणी असं होत नसणार. तो समज आमच्या गुरुजींनी मोडला. ते कुलाबा जिल्ह्यातले, रेवसच्या बाजूचे. नोकरीने त्यांना एका टोकाच्या पाण्यावरून दुसऱ्या टोकाच्या पाण्यावर आणून टाकलं होतं. श्रावण जवळ आला की ते वर्गात 'रामदास'ची गोष्ट सांगायचे. १७ जुलै १९४७, गटारीचे दिवस. सकाळी आठच्या सुमारास रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी माणसं, पाऊस, वारा. अर्ध्यापाऊण तासात काशाच्या खडकाजवळ लाट आली, लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई बंदर तिथून जवळ, शहरात हजारो टेलिफोन, बंदरात जहाजं उभी, आणि त्यांना दुपार उलटेपर्यंत पत्ता नाही. बातमी पोचली ती लाटांतून जीव वाचवून आलेल्यांच्या तोंडून. रेवसच्या कोळ्यांना बुडणारी माणसं दिसली तेव्हा त्यांनी पकडलेली मासळी समुद्रात फेकून होड्यांत माणसं भरली. गुरुजींच्या गावातल्या घराघरांतून त्या रात्री रडणं ऐकू येत होतं, ते तेव्हा लहान होते, त्यांना कोणी काही सांगत नव्हतं. "सकाळी नऊला कळलं असतं," ते म्हणायचे, "तर किती आले असते परत?" फळ्याकडे तोंड करून ते हा प्रश्न विचारायचे. आम्हा पोरांकडून त्यांना उत्तर नको असायचं.

चिंचगुडीचा पीटर आणि रामदासवरून वाचलेली माणसं यांच्यात नव्वद वर्षांचं अंतर. दोन्हीकडे बातमीला पाय तेवढेच, वाचलेल्या माणसाचे.

आमच्या घरात बिनतारी आली ती मामाच्या रूपाने. सत्तरच्या दशकात तो पोलिसांच्या बिनतारी विभागात लागला आणि पुण्याला प्रशिक्षणाला गेला. परत आला तो बोटांनी टेबलावर टकटक करतच. आजीला वाटलं पोराला काहीतरी झालं. तो मोर्स होता. डोळे मिटून ऐकायचा आणि कागदावर अक्षरं उतरवायचा; कान आणि हात यांच्यामध्ये डोकं येऊ द्यायचं नाही, असं तो सांगायचा. पुढे मोर्स मागे पडला, बोलायचे सेट आले. तरी मामाचं कान देणं तसंच राहिलं. आजही त्याच्याशी बोलताना तो तुमच्याकडे बघत नाही, थोडी मान कलती करून जमिनीकडे बघतो. नव्या माणसाला ते उद्धट वाटतं.

मामाकडून मी लाटांचं गणित शिकलो. मीडियम वेव्हच्या लहरी अंधार पडल्यावर आकाशातल्या वरच्या थराला धडकून परत खाली येतात, म्हणून आमच्या ट्रान्झिस्टरवर रात्री दूरदूरची केंद्रं लागायची आणि दिवसा ती गायब व्हायची. नागपूर घरचं. हैदराबाद, विजयवाडा सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतलं. भामरागडकडे जगदलपूर. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, आणखी दोन संध्याकाळी निघायच्या. पोलिसांच्या जवळच्या सेटांचं मात्र वेगळं. त्यांच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपल्या. आणि आमच्याकडे डोंगर नसेल तिथे साग असतो. "पावसाळ्यात ओलं जंगल आवाज खाते," मामा म्हणायचा. म्हणून उंच जागी मास्ट उभा करायचा, डोंगरावर मधलं ठाणं ठेवायचं, त्याने इकडचं ऐकून तिकडे सांगायचं. वीज आठ-आठ दिवस नसायची. बॅटऱ्या छोट्या इंजिनावर चार्ज करायच्या आणि इंजिनाचं तेल पुराच्या दिवसांसाठी राखून ठेवायचं.

प्रशिक्षणात त्यांना टायटॅनिकची गोष्ट सांगत. सिनेमातली नव्हे, बिनतारीवाल्यांची. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं तेव्हा सगळ्यांत जवळ 'कॅलिफोर्नियन' नावाचं जहाज होतं. त्यावर बिनतारीवाला एकच, सिरिल इव्हान्स. दिवसभराचं काम उरकून तो थोडा वेळ आधीच झोपायला गेला होता. त्याचं यंत्र बंद होतं. ५८ मैलांवर 'कार्पेथिया' होतं. तिथला हॅरल्ड कॉटमही निजायच्याच तयारीत होता, कपडे बदलत होता, पण कानावरचे हेडफोन त्याने अजून काढले नव्हते. त्या कानांनी ऐकलेल्या हाकेमुळे सातशेहून जास्त माणसं वाचली. त्यानंतर जगातल्या मोठ्या जहाजांवर चोवीस तास कान जागा ठेवायचा नियम झाला. आणखी एक नियम मामाला फार आवडतो. संकटाच्या ठरलेल्या लहरीवर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं, सगळ्या जहाजांनी बोलणं बंद ठेवायचं आणि नुसतं ऐकायचं. बिनतारीच्या खोलीतल्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असे. कुठे एखादं अशक्त यंत्र, संपत आलेल्या बॅटरीवर, हळू आवाजात मदत मागत असेल, तर त्या तीन मिनिटांत ते ऐकू यावं. १९९९ मध्ये उपग्रहांची नवी पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि ते लाल भाग गेले. मामा निवृत्तीनंतरही घरात कोणी फार वेळ बोलत राहिलं की म्हणतो, "आता तीन मिनिटं."

मग ८६ साल.

गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. मामाची बदली नदीकाठच्या एका ठाण्यात होती. ऑगस्टच्या मध्यावर बंगालच्या उपसागरातून आलेला पाऊस मध्य भारतावर बसला आणि हलेना. वैनगंगा, वर्धा, इंद्रावती, गोदावरी, सगळ्या एकदम भरल्या. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणारा रस्ता नाल्यानाल्यावर तुटला. खालच्या अंगाला, आंध्रात, भद्राचलमला १६ ऑगस्ट १९८६ ला गोदावरी ७५.६ फुटांवर गेली. तिथे ४३ फुटांना पहिला इशारा देतात, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा आणि शेवटचा. त्याच्याही वर बावीस फूट. सिरोंच्याकडची म्हातारी माणसं आजही कुठलाही पूर ८६ च्या पाण्याशी मोजतात.

त्या दिवसांत आमच्याकडे ज्यांच्याजवळ रेडिओ होता ते सगळे तेलुगू बातम्या ऐकत होते, ज्यांना तेलुगू येत नव्हतं तेसुद्धा. फक्त 'भद्राचलम' आणि त्यापुढचा आकडा ऐकायचा. मामाने मला पुढे समजावलं की त्या ऐकण्यात काय खोट होती. भद्राचलम खाली आहे. तिथला आकडा म्हणजे आमच्या दारावरून आधीच गेलेलं पाणी. आमच्यावर येणारं पाणी वर होतं, वैनगंगेवर पवनीला, आष्टीला, आणि त्याची खबर रेडिओच्या बातम्यांत नव्हती. ती होती केंद्रीय जल आयोगाच्या मोजणी ठाण्यांवर. आष्टीला आणि प्राणहितेवर टेकड्याला त्यांची माणसं काठावर रोवलेल्या पट्ट्या वाचतात. पुरात दर तासाला वाचतात, रात्री कंदील नाहीतर टॉर्च घेऊन, आणि आकडा बिनतारीने पुढे पाठवतात. तो आकडा प्रशासनाकडे येई, तिथून पोलिसांच्या सेटवर. रेडिओ गावाला गेलेलं पाणी सांगत होता, येणारं पाणी ठाण्यातल्या टेबलावर होतं.

म्हणून ठाण्याच्या ओसरीत माणसं जमू लागली. खिडकीखाली बसायचं आणि ऐकायचं. आत मामा "ओव्हर" म्हणाला की बाहेर कोणाचा श्वास ऐकू येत नसे. बहुतेकांना काही समजत नव्हतं. खरखर, मध्येच तुटलेलं वाक्य, गावांची नावं अक्षर-अक्षर सांगितलेली. ते अक्षर-अक्षर सांगणं मामाचा कटाक्ष. आमच्या तालुक्यात देवलमरी आहे, देचलीपेठा आहे, दामरंचा आहे. खरखरीत तिन्ही एकच वाटतात, आणि डोंगा चुकीच्या गावाला गेला तर बरोबर गावाला जायला उजाडतं. आकडे सुटे सुटे, दोनदा. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. प्रत्येक संदेशावर दोन वेळा लिहायच्या, निघाल्याची आणि मिळाल्याची. पाणी आवारात शिरलं तेव्हा त्याने सेट टेबलावरून कपाटावर नेला, बॅटरी एका शिपायाने डोक्यावर धरली, आणि तशातही वह्या कोरड्या राहिल्या. शाळेत इतकी माणसं, त्यात लहान इतकी, मीठ नाही, एक बाई अडलेली आहे, डोंगा पाठवा. एवढेच शब्द, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या रात्री मामाला वहीत काहीतरी दिसलं. वरून येणारे आकडे वाढतच होते, पण दोन आकड्यांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. आधी तासाला जेवढं चढत होतं त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. पहाटे आलेला आकडा आणि त्याच्या आधीचा आकडा एकच होता. त्याने तो परत मागून घेतला. तोच. मग तो उठला, खिडकीशी गेला आणि बाहेरच्यांना म्हणाला, "वरतं थांबलं."

ओसरीखाली पाणी अजून चढत होतं. ते पुढे कितीतरी तास चढत राहिलं, कारण वर थांबलेलं पाणी खाली थांबायला वेळ लागतो. डोळ्यांसमोर पायऱ्या बुडत होत्या. पण त्या वाक्यानंतर माणसांनी पोती उचलून आणखी वर न्यायचं थांबवलं, ढोरांना वैरण टाकली, एका म्हाताऱ्याने तंबाखू मळली. मामा सांगतो की नोकरीत त्याला बक्षिसं मिळाली, पण ती पहाट त्याला सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. आम्हीही त्याच्याकडे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतो. माझ्या मते आमच्या नदीच्या इतिहासात त्या पहाटे काहीतरी उलटं झालं. बातमी पाण्याच्या आधी आली, आणि ती आणायला कोणाला बुडावं लागलं नाही.

त्या ओसरीवर माणसांना बसू द्यायचं की नाही हा प्रश्न तेव्हाही होता. नियमाप्रमाणे नाही. १९३३ च्या कायद्यापासून बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगता येत नसे, आणि पोलिसांचं बोलणं चोरून ऐकणं हा तर गुन्हाच. साधा रेडिओ ठेवायलासुद्धा ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागे. आज्याचं लायसन्सचं पुस्तक अजून पेटीत आहे. पण ८६ मध्ये खिडकी उघडी राहिली. पुढे ती बंद झाली. १९८० पासून गोदावरीपलीकडून नक्षलवादी आमच्या जंगलात यायला लागले होते, आणि नव्वदीपर्यंत ठाण्याभोवती रेतीची पोती, काटेरी तार आणि बंकर आले. सेट आतल्या खोलीत गेला. बोलण्यात सांकेतिक शब्द आले, कारण जंगलातही कोणीतरी सेट लावून पोलिसांचं ऐकत होतं. त्या ऐकण्यावर जवानांचे जीव जात होते. त्यामुळे खिडकी बंद झाली याबद्दल मामाच्या मनात किंतु नाही, माझ्याही नाही. पण ठाण्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाकडे बघायची नजर बदलली, आणि पुराचा आकडा त्याच भिंतीआड गेला. गावाला तो कळायचा तहसीलमार्गे, कोतवालाच्या दवंडीने, कोतवाल पोचला तर. मोबाइलचे टॉवर आले तेही कित्येक ठिकाणी जाळले गेले. भामरागड दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटायचं, आणि तिकडे आजारी पडलेल्या माणसाची खबर बाहेर यायला पुन्हा आजीच्या काळाइतका वेळ लागायचा.

समुद्राचं तसं नाही, हे मला मामाच्या मुलाने सांगितलं. तो आयटीआय करून वेल्डर झाला आणि मुंबईच्या समुद्रातल्या तेलाच्या कामांवर गेला. अहेरीच्या सागाखाली वाढलेला पोरगा, त्याला पहिले आठ दिवस अन्न टिकलं नाही. पण बापाचा कान त्याच्यात उतरलेला. बोटीवरच्या व्हीएचएफ सेटचा सोळा नंबरचा चॅनल त्याला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. तो चॅनल सगळ्यांचा असतो. मालाचं जहाज, नौदल, तटरक्षक दल, सगळ्यांनी तो सतत लावून ठेवायचा, आणि हाक आली की जो जवळ असेल त्याने जायचं. तिथे ऐकणारा चोर ठरत नाही. उलट जो ऐकत नाही त्याला जाब विचारतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मासे धरणाऱ्या काहींच्या स्वयंपाकघरात स्कॅनर खरखरत असतो, बायकापोरांना त्यातून आपल्या बोटीचा आवाज कळतो. मामाला हे ऐकून किती बरं वाटलं होतं! "पुरासाठी असाच एक सोळा नंबर पाह्यजे," तो म्हणाला. माझंही मत तेच आहे. ज्याच्या अंगणात पाणी येणार आहे त्याला ते ऐकायचा हक्क आहे, आणि त्यासाठी पोलिसांचं गुपित उघडावं लागत नाही. पुराच्या आकड्यात काय गुपित असतं?

आणि यंत्र हाताशी असलं की परवाना असलेले हौशी लोकही किती कामाला येतात, ते २००४ च्या डिसेंबरात दिसलं. दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या साथीदारांसह हॅम रेडिओच्या हौसेपोटी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, दूरदेशच्या हौशींशी बोलायला. २६ तारखेला सुनामी आली, टेलिफोन गेले, आणि त्याच यंत्रांवरून त्यांनी अंदमानची खबर मुख्य भूमीला दिली.

समुद्रातही मदत दरवेळी वेळेवर येते असं नाही. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय तेलक्षेत्राच्या उत्तर प्लॅटफॉर्मला आग लागली ती एका आचाऱ्याची बोटं कापली म्हणून. त्याला किनाऱ्यावर न्यायचं होतं, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडेना, 'समुद्र सुरक्षा' नावाचं जहाज त्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायला जवळ आलं आणि लाटेने गॅसच्या नळ्यांवर आदळलं. आदल्याच दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला, मुंबई स्वतःच बुडालेली. प्लॅटफॉर्म दोन तासांत खाक झाला. तरी ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, कारण आसपासच्या जहाजांना हाक ऐकू गेली आणि ती तशा समुद्रात आली. बावीस जण गेले. त्याच्या ५८ वर्षं आधीच्या रामदासचा समुद्र हाच, महिनाही तोच.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मामाचा मुलगा दुसऱ्याच एका बोटीवर होता. ती आधीच बंदराच्या आडोशाला येऊन थांबली होती. पी-३०५ हा बार्ज मात्र २६१ माणसं घेऊन आत समुद्रातच राहिला होता. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन आदळला आणि १७ तारखेच्या संध्याकाळी बुडाला. आयएनएस कोची आणि इतर जहाजांनी वादळातून माणसं उचलली, पण कितीतरी जण रात्रभर लाइफजॅकेटवर तरंगत गेले ते गेलेच. त्या रात्री पोराच्या बोटीवर सोळा नंबर चालू होता. त्याने फोनवर बापाला सांगितलं, "शब्द समजत नव्हते बाबा, आवाज समजत होते." मामाने त्याला एवढंच विचारलं की सेट बंद तर नाही केला. नाही, त्यांच्यातल्या कोणीच हात लावला नाही. मामा त्यानंतर बराच वेळ बोलला नाही, आणि बोलला तेव्हा रागावलेला होता. हाक ऐकणाऱ्यांवर त्याचा राग नव्हता. इशारा काही दिवस आधीपासून कानावर येऊनही माणसं आत ठेवली, त्यावर होता. यंत्र असूनही ऐकलं नाही, तर इव्हान्स बरा, तो निदान झोपलेला होता, असं तो म्हणाला.

२०२२ च्या जुलैत आमच्याकडे पुन्हा ८६ च्या जवळपास ताकदीचं पाणी आलं. भद्राचलमला ७१.३ फूट. सिरोंचा तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली. आता वर वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे, खाली गोदावरीवर मेडीगड्डा. नदीचं चढणं-उतरणं नुसतं पावसावर राहिलेलं नाही, दरवाज्यांवरही आहे. आणि प्रत्येकाच्या हातात फोन आहे. त्या आठवड्यात मामाच्या फोनवर 'गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले' हा संदेश इतक्या वेळा आला की त्याने चष्मा काढून ठेवला. तो प्रत्येकाला एकच विचारत होता, "किती वाजताचा?" कोणाला माहीत नव्हतं. त्यातला एक संदेश तर आधीच्या एका पुरातला होता, फोटोसकट. त्याच्या वहीत निघाल्याची वेळ असायची, मिळाल्याची असायची, ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवलेलं असायचं. इथे शेकडो माणसं बोलत होती आणि 'मिळालं, मी निघतो' असं म्हणणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघं एक काम करतो आहोत. आष्टीपासून सिरोंच्यापर्यंत काठाकाठाची गावं मामाने वहीत उतरवली आहेत, पाणी ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने. प्रत्येक गावापुढे रकाने: रात्री फोन उचलणारं माणूस कोण, तो नसेल तर दुसरं कोण, डोंगा कोणाकडे, उंच जागा कुठली, ८६ चं पाणी कुठवर आलं होतं. शेवटचा रकाना भरायला म्हातारी माणसं लागतात. ती भिंतीवर हात ठेवून दाखवतात, इथवर, आणि मामा टेपने मोजतो. कुठे त्या भिंतीच पडल्या आहेत, तिथे चिंचेच्या बुंध्यावरून अंदाज करावा लागतो. एका गावात दोन म्हाताऱ्यांचं पाण्याच्या खुणेवरून भांडण झालं आणि आम्ही दोन्ही मापं लिहून घेतली.

वांगेपल्लीच्या खालच्या काही गावांपुढचा पहिला रकाना अजून कोरा आहे. तिथे फोनची रेंज टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि रात्री पावसात टेकडीवर कोण चढणार, यावर मामाचा विचार चालू आहे. त्याला तिथे दोन वॉकीटॉकी हवे आहेत, परवान्यासकट, आणि अर्ज त्याने स्वतःच्या हातांनी लिहिला आहे, गावांची नावं सुटी सुटी अक्षरं करून. मृग लागायच्या आधी तो घेऊन गडचिरोलीला जायचं ठरलं आहे.